उतारावर कोण उभं राहणार

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मापकाकांचं गॅरेज सरळ दिसतं. ती खिडकी तिथे बिल्डरने ठेवली, मी नाही. त्यामुळे जे दिसतं ते मी बघते आणि जे बघते ते चार जणींना सांगते, यात माझा दोष किती आणि त्याचा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मापकाका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर एकच काम, दुकानोदुकानी जाऊन तराजू खरा आहे की खोटा ते बघायचं. पितळी वजनांची पेटी घेऊन ते बाजारात शिरले की पहिल्या दुकानदाराला खोकल्याची उबळ यायची. ती ऐकून दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि खोकला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथले सगळे काटे साधुसंत झालेले असायचे. काकांना हे ठाऊक होतं. म्हणून ते शेवटच्या दुकानापासून सुरुवात करायचे. तिथेही काट्याला हात लावण्याआधी दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचे. म्हणायचे, "लबाडी हाताने केलेली असते, पण राहायला ती तोंडावर जाते."

अशा माणसाला मित्र कुठून असणार? ज्याचा चहा प्यायला त्याचा तराजू दुसऱ्या दिवशी कसा जप्त करायचा, म्हणून नोकरी होती तोवर काकांनी बाजारात कुणाच्या हातचा चहा घेतला नाही. घरीही तीच तऱ्हा. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे साखर चमच्याने पडत नाही, न्यायाने पडते." दोघांना मूलबाळ नाही. संध्याकाळी फाटकाशी खुर्च्या टाकून बसायची दोघं, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण काकांना नमस्कार करून पाऊल जरा लवकर उचलायचा.

मग काका निवृत्त झाले आणि गाडी आली.

आली म्हणजे ओढून आणावी लागली. एका बंद पडलेल्या छापखान्यामागे ती उभी होती. काळी, गोल पाठीची, काकांच्या वडिलांच्या वयाची. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. ती ओढायला दोर घेऊन कोण यावा, तर बेकरीवाला. ज्याचा तराजू काकांनी भर गर्दीत उचलून नेला होता, तोच. त्याच्याकडे आजोबांची पाव पोचवायची जुनी व्हॅन होती आणि गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा तो सभासद होता.

"काका," दोर बांधता बांधता तो म्हणाला, "तराजू नेलात तेव्हा मी तुमच्या नावाने बोटं मोडली होती. गाडी ओढून देतो, पण मोडलेली बोटं परत घेणार नाही."

"नको घेऊस," काका म्हणाले. "तुझा तराजू खोटाच होता."

"खोटा नव्हता हो, थकलेला होता."

काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. त्या संध्याकाळी बेकरीवाल्याने थर्मास उघडून कप पुढे केला आणि काकांनी तो घेतला. काकू दारातून बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, "पहिला बाहेरचा चहा."

कोंबड्या गेल्या आणि काका पान्याला लागले. गाडीचं नाव पडलं म्हातारी. तिला चालती करायला काही वर्षं गेली आणि त्या वर्षांत मंडळ त्यांच्या अंगवळणी पडलं. दर रविवारी सकाळी बेकरीमागच्या मैदानावर सगळे जमत. जमून काय करत, तर एकाच्या गाडीचं बॉनेट उघडायचं आणि बाकीच्यांनी आत डोकी घालायची. मी पाव आणायला गेले की मला मंडळ दिसायचं ते पाठीमागूनच. चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या पँटी मी जास्त ओळखते. अध्यक्ष म्हणजे दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांची छोटी लाल उघडी गाडी. इंजिनाच्या फटीत बघायला त्या दवाखान्यातला तोंडात घालायचा आरसा वापरत. तोच आरसा परत दवाखान्यात जातो का, हे विचारायचं धाडस कुणाला झालेलं नाही. माझी दाढ अजून ठणकते, पण मी जात नाही.

या मंडळाची एक पद्धत आहे आणि ती काकांनी घातलेली आहे.

दर वर्षी एक मोठी सहल असते, सगळ्या गाड्या रांगेने धरणापर्यंत जाऊन येतात. एका वर्षी वाटेत एकाची गाडी उतारावर सुटली आणि थेट रोपवाटिकेत घुसली. कुंड्या गेल्या, माणूस कुणी गेला नाही. गाडीचा मालक निघण्याआधी छातीवर हात ठेवून म्हणाला होता की ब्रेक एकदम फर्स्ट क्लास. पुढच्या रविवारी काका उठून बोलले. काका उठून बोलले म्हणजे बाकीच्यांना आपोआप खोकला आला.

"ब्रेक चांगला आहे असं सगळेच म्हणतात. तराजू खरा आहे असंही सगळेच म्हणायचे. ज्याला खात्री आहे त्याने आपला माणूस गाडीपुढे उभा करावा."

तेव्हापासून सहलीच्या आधीच्या रविवारी पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर परीक्षा होते. गाडी खाली तोंड करून उभी करायची. इंजिन बंद, गिअर काढलेला, हॅन्डब्रेक सोडलेला. चाकाखालच्या लाकडी पाचरी काढायच्या. गाडी धरून ठेवायची ती फक्त मालकाच्या पायाने. आणि बंपरपासून वीतभर अंतरावर एक सभासद उभा राहतो, गरम चहाचा भरलेला कप घेऊन. त्याने तो घाई न करता प्यायचा. कप रिकामा झाला की गाडी पास. उभं कोणी राहायचं ते मालकाने निवडायचं. उतार काही कड्याचा नाही, माणूस मरणार नाही, पण दोन टन लोखंड नडगीवर आलं तर तो पुन्हा पायावर सरळ उभा राहीलच असं नाही. एकदा एका सभासदासाठी उभं राहायला कुणीच पुढे येईना. तो बिचारा गाडी घेऊन तसाच मागे फिरला आणि ब्रेक नवीन करून आणले.

काकांच्या म्हातारीपुढे दर वर्षी बेकरीवाला उभा राहायचा आणि बेकरीवाल्याच्या व्हॅनपुढे काका. बेकरीवाला मुद्दाम फुंकून फुंकून प्यायचा. मध्येच थांबून विचारायचा, "काका, साखर कमी वाटते, बेकरीतून आणू का जाऊन?" काका आत ब्रेकवर पाय रोवून बसलेले, कपाळावर घाम, आणि म्हणायचे, "आण. मी आहे इथे."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकांच्या हातून कप पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काकूंनी मला हाक मारली ती कशी हे मी सांगत बसत नाही. दवाखान्यात वेळेत पोचलो. बोलणं परत आलं, हात बराचसा आला. उजवा पाय मात्र घरी आला तो पाहुण्यासारखा. होता, पण काही कामाला हात लावत नव्हता.

मंडळ त्यांच्याकडे यायला लागलं. रविवारची बैठक मैदानावर न भरता गॅरेजमध्ये भरू लागली, म्हणजे अगदी माझ्या खिडकीत. पाळीपाळीने कुणीतरी म्हातारी चालू करायचं, कुणी तेल बघायचं, डॉक्टरीणबाई तो आरसा घेऊन खाली झोपायच्या. काका काठी घेऊन खुर्चीत. बेकरीवाला त्यांच्यासमोर उकिडवा बसून थापा मारायचा.

"काका, गाडीत उंदीर झालेत. सभासद करून घ्यायचे का?"

"वर्गणी देतील का विचार."

"तुमच्यापेक्षा नियमित देतील."

हसू यायचं, विरायचं. मग काका पायाकडे बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पायात जोर आला तर गाडी चालवायला हरकत नाही, नाही आला तर तो विषय सोडा. काकांनी विषय सोडला नव्हता. भिंतीपलीकडे फुलझाडांना पाणी घालताना मी ऐकलं ते असं.

"यंदाही तूच उभा राहायचं," काका म्हणाले.

"राहतो की. माझ्याएवढी पोटाची गादी मंडळात दुसऱ्या कुणाची आहे?"

"चेष्टा नाही करत."

"मीही नाही," बेकरीवाला म्हणाला. "तुम्ही दाबा, मी उभा आहे."

पुरुषमाणसं एकमेकांशी इतक्या थोडक्यात बोलतात, की ऐकणारीची अर्धी मेहनत वाया जाते. पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

म्हातारीचा ब्रेक आजच्या गाड्यांसारखा नाही, बोटाने दाबला आणि झालं. तिच्या पेडलवर माणसाला आपलं वजन घालावं लागतं. काकांनी हिशेब केला होता. बेकरीवाल्याला पेडल दाबायला लावलं, मग तेवढाच जोर त्याला बाथरूममधल्या वजनकाट्यावर लावायला सांगितला. आकडा आला साठ किलो. उतारावर म्हातारीला धरायला साठ हवेत, आणि तेही कपभर चहा संपेपर्यंत.

मग रोज सकाळी गॅरेजमध्ये तो वजनकाटा भिंतीला उभा टेकवला जायचा. समोर बुटकं स्टूल. काका त्यावर बसून उजवा पाय काट्यावर रेटायचे, जसं काही भिंतच ढकलायची आहे. वजनकाट्याला खाली एक छोटं चाक असतं, काटा शून्यावर आणायचं. पहिल्या दिवशी काकांनी ते स्वतः फिरवून शून्य नीट लावलं. पण काठी सांभाळत वाकणं त्यांना जमेना, म्हणून पुढे काटा आणायचं, टेकवायचं आणि परत न्यायचं काम काकूंकडे आलं. काकू समोर उभ्या राहून त्यांचा पाय दोन्ही हातांनी धरून काट्यावर ठेवायच्या. मग बाजूला व्हायच्या. मग काका गळ्यातला चष्मा डोळ्यावर चढवायचे. मी खिडकीतून बघायचे, आणि खरं सांगते, बघवायचं नाही. पाय थरथरायचा, मान ताठ व्हायची, मग सगळं एकदम ढिलं पडायचं. काका भिंतीकडे तोंड करून तसेच बसून राहायचे. काकू काटा उचलून आत न्यायच्या.

हिवाळा संपला. काका जेवीनासे झाले होते ते हळूहळू जेवायला लागले. आवाज चढला. एकदा मला खिडकीत बघून म्हणाले, "काय वहिनीबाई, आज आमच्याकडचं बुलेटिन किती वाजता?" मी म्हटलं, "तुम्ही बातमी द्या, मी वेळ ठरवते." ते म्हणाले, "पंचावन्न. छापा." मला आनंद झाला. आणि बातमी मी दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत पोचवली, हे वेगळं सांगायला नको.

परीक्षेचा रविवार आला. सकाळी बेकरीवाला आला, म्हातारीच्या स्टिअरिंगवर बसला, काका शेजारी. गाडी गेली. मी आणि काकू मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होतो. काकू त्या दिवशी गुणगुणत होत्या.

"आज सकाळी साठ पार," त्या म्हणाल्या.

"कमाल आहे काकांची," मी म्हटलं.

काकूंनी एक उशीचा अभ्रा दोरीवर टाकला, झटकला, पुन्हा काढला, पुन्हा टाकला.

"तुला म्हणून सांगते. कुणाला बोलू नकोस."

हे वाक्य लोक मलाच का सांगतात देव जाणे. मला वाटतं, पोटात ठेवून थकले की मगच येतात माझ्याकडे.

"काटा मी जरा पुढे केलाय," काकू म्हणाल्या. "ते खालचं चाक असतं ना. किती आठवडे काटा चाळिसाच्या वर जाईना. बसून राहायचे गं ते तसेच, भिंतीकडे बघत. ताट समोर ठेवलं तर म्हणायचे, ठेव. एकदा मी ते चाक इतकंसं फिरवलं. पाच वाढले. त्या दिवशी ते पोटभर जेवले. मग राहवलं नाही. आणि बघ ना, तब्येत सुधारलीच की नाही? पाय पण सुधारला असेल थोडा. मनाने सुधारतो माणूस."

"किती फिरवलंय आत्तापर्यंत?"

"पंधरा असेल."

मी ओला टॉवेल बादलीत परत टाकला. "काकू, उतारावर आज ब्रेकवर कोण बसणार आहे?"

"बेकरीवाला. तोच घेऊन गेला ना गाडी. हे म्हणाले तसं."

काकांनी खोटं सांगितलं नव्हतं. बेकरीवाला गाडी घेऊन जातोय, एवढंच ते म्हणाले होते, आणि तो घेऊन गेलाच होता. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं होतं, डॉक्टरचं नाव काढून काकू अडवतील म्हणून. एका घरात दोघं जण एकमेकांना जपत होती आणि दोघांच्या मधोमध बेकरीवाला उभा होता.

"ब्रेकवर काका बसणार आहेत," मी म्हटलं. "बेकरीवाला पुढे उभा राहणार आहे. मी ऐकलंय."

काकूंच्या चेहऱ्यावरून रंग उतरला. त्यांनी पदराला हातही पुसले नाहीत. मी स्कूटर काढली, त्या मागे बसल्या, आणि टाकीपर्यंत त्यांची ओली बोटं माझ्या खांद्यात रुतलेली होती. वाटेत एकच बोलल्या, "त्या माणसाला दोन लहान मुली आहेत गं."

आम्ही पोचलो तेव्हा म्हातारी उतारावर खाली तोंड करून उभी होती. बाकीच्या गाड्या कडेला रांगेत. डॉक्टरीणबाई बाजूला हात वर करून उभ्या. बंपरपुढे बेकरीवाला, हातात वाफाळता कप. आत काका, पाठ ताठ, चष्मा चढवलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. हॅन्डब्रेक सोडला होता. पाचरी तेवढ्या काढायच्या होत्या, दोघे जण त्यासाठी वाकलेच होते.

मला वाटलं काकू ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. चारचौघांत काय ओरडणार होत्या? आयुष्यभर काटे तपासणाऱ्या माणसाला त्याच्याच घरात खोट्या काट्यावर तोललं, हे? त्या नुसत्या चालत गेल्या, बेकरीवाल्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याच्या हातातून कप काढून घेतला.

"काकू, गरम आहे तो."

"चालेल मला. तू बाजूला हो."

"अहो, उभा मी राहणार आहे."

"आज मी राहते."

कडेला उभे असलेले हसले. कुणीतरी टाळी वाजवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, माणूस तुम्ही निवडायचा असतो. काकू चालतील का?"

काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अगं, तू कशाला आलीस इथे?"

"उभी राहायला. इतकी वर्षं दुसऱ्याला उभं केलंत. दाबा ब्रेक."

बोलल्या ठसक्यात, पण कप डचमळत होता. चहा त्यांच्या बोटांवरून ओघळत होता आणि चटका बसतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. काका हसत होते, ते थांबले. त्यांनी कपाकडे बघितलं नाही. ते काकूंच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि बाजाराला ज्या नजरेने खोकला यायचा ती नजर मी त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिली. काकूंनी मान खाली घातली.

"काटा?" काका म्हणाले.

काकूंनी मान हलवली.

"किती?"

"पंधरा."

बाकी कुणाला काही कळलं नाही. बेकरीवाला याच्याकडे बघतोय, त्याच्याकडे बघतोय. काकांनी स्टिअरिंगवरून हात काढला. मग त्यांनी हॅन्डब्रेक ओढला. त्याचा कर्र आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला.

"पाचरी राहू द्या," ते म्हणाले.

खाली उतरायला त्यांना वेळ लागला. डावा पाय बाहेर, मग हाताने उजवा उचलून बाहेर, मग काठी. बेकरीवाला पुढे झाला तर त्याला मानेनेच नको म्हटलं. उभे राहिल्यावर डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "गाडी पास आहे. मालक नापास."

"अहो, पण तुम्ही ब्रेक दाबलाच नाही अजून."

"मला माहीत आहे, बाई."

"माणूस न ठेवता एकदा करून तरी बघू. पाचरी हातात धरतील ही मंडळी."

"माणूस न ठेवता घेतलेली परीक्षा म्हणजे दुकान बंद असताना तपासलेला तराजू," काका म्हणाले. "नियम माझाच आहे. मला त्यात सूट नको."

नापास झालेली गाडी सहलीला जात नाही, हेही त्याच नियमात होतं. हा माणूस सबंध थंडीभर त्या एका सहलीच्या आशेवर पाय रेटत होता हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बेकरीवाल्याला सगळ्यात जास्त. त्याचं नाक लाल झालं होतं.

"मग मी पण नाही जात धरणावर," तो म्हणाला.

"तुझी व्हॅन लाव."

"काका, राहू द्या ना आता."

"लाव म्हणतो ना. तुझ्यापुढे कोण उभं राहतं दर वर्षी?"

"तुम्ही."

"मग उशीर कशाला करतोस?"

म्हातारी बाजूला घेतली आणि व्हॅन लागली. भली मोठी, चौकोनी तोंडाची, पुढे उभं राहिलं की तिच्या सावलीत माणूस बुडतो. काका काठी टेकत तिच्यापुढे गेले. काकू मागोमाग गेल्या आणि त्यांनी त्यांचा उजवा कोपर धरला. नियमाप्रमाणे पुढे एकच माणूस लागतो. डॉक्टरीणबाई टाकीवर बसलेल्या पारव्यांकडे बघायला लागल्या.

कप सांडून अर्धा झाला होता. कुणीतरी तोच पुढे केला. काका म्हणाले, "भरून दे."

पाचरी निघाल्या. काचेमागे बेकरीवाल्याचा चेहरा दिसत होता, दात आवळलेला, आणि मला शपथेवर सांगता येईल की त्याने ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले होते. व्हॅन जागची हलली नाही. काका प्यायला लागले. एक घोट, मग थांबायचे. उजवा पाय गुडघ्यातून लटलटत होता, पँटीचं कापड हलताना दिसत होतं. काकू त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "अहो, संपवा पटकन."

"गरम आहे," काका म्हणाले.

त्या कपाएवढा मोठा कप मी बघितला नाही. शेवटी त्यांनी तो उलटा करून डॉक्टरीणबाईंना दाखवला. बाईंनी "पास" म्हटलं. बेकरीवाला खाली उतरला, काकांपाशी आला, आणि रिकामा कप त्याने त्यांच्या हातातून काढून घेतला.

त्यानंतर शेजारच्या घरात बरेच दिवस बोलणं नव्हतं. भांडण असतं तर मला ऐकू आलं असतं. हे त्याहून वाईट होतं. भांडी हळू ठेवली जायची. फाटकाशी खुर्च्या दोन, पण एक रिकामी. सहलीच्या दिवशी गाड्यांचे आवाज दूरच्या रस्त्याने गेले. काका गॅरेजमध्ये म्हातारीच्या दाराला टेकून उभे होते. आवाज विरून गेल्यावरही तसेच होते. संध्याकाळी बेकरीवाला धुळीने माखलेला आला आणि कुणाची गाडी कुठे तापली, कुणाचा सायलेन्सर कुठे पडला, सगळं तपशीलवार सांगून गेला. काका ऐकत होते. एकदा म्हणाले, "मग?" बेकरीवाल्याला तेवढंच हवं होतं.

तो गेल्यावर काकू कप उचलायला आल्या तेव्हा काका बोलले. मी कोथिंबीर निवडत होते, खिडकी उघडी होती.

"तू काटा फिरवलास त्याचं मला काही नाही."

काकूंनी उचललेला कप परत खाली ठेवला.

"मी एकदाही रिकामा काटा बघितला नाही. कुणाच्याही दुकानात आधी रिकामा काटा बघायचो. इथे आधी पाय ठेवला."

"मी समोर उभी असायचे. कसा बघणार होता तुम्ही?"

"बाजूला हो म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. मला साठ बघायचे होते."

काकू खाली बसल्या. काका म्हणाले, "त्याचे पाय गेले असते."

"म्हणून तर आले मी."

"तुझे गेले असते."

काकूंनी दोन्ही कप एकात एक घातले. मी कोथिंबिरीच्या काड्या ठेवल्या आणि पानं केरात टाकली, हे मला जेवायच्या वेळी कळलं.

आता पुन्हा थंडी आली आहे. डॉक्टर म्हणतात, व्हायचं ते झालं, याच्यापुढे पाय फारसा सुधारणार नाही. काका काही म्हणत नाहीत. सकाळी काकू वजनकाटा आणून भिंतीला टेकवतात. काका काठीवर भार देऊन वाकतात, वाकायला जमत नाही तरी वाकतात, खालचं चाक स्वतः फिरवतात आणि म्हणतात, "बघ." काकू बघतात आणि म्हणतात, "शून्य." मग काका स्टुलावर बसून पाय रेटतात. चष्मा ते चढवतच नाहीत आता. आकडा काकूंनी वाचायचा असा काहीतरी दोघांत ठराव झालेला दिसतो.

आज सकाळी त्यांचा पाय बराच वेळ टिकला. मी गॅस बारीक करून ऐकत होते.

"किती?"

"सेहेचाळीस."

"नीट बघ."

काकूंनी गुडघ्यावर बसून काट्याला नाक लावलं. पाठमोऱ्या होत्या, म्हणून तोंड मला दिसलं नाही. काकांना दिसत होतं.

"सेहेचाळीसच," त्या म्हणाल्या.

"बरं," काका म्हणाले आणि त्यांनी पाय खाली घेतला.